आधारवरचं 'बेन' आणि माझा हेल्थकेअर इंडेक्स फंड

आधी हे सांगते, कारण मला कुणी सांगितलं नाही. कुठल्याही नव्या कंपनीच्या म्युच्युअल फंडात पैसे घालायचे असतील तर फंड निवडण्याआधी पॅन आणि आधार शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींवरचं इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर वाचून बघा. मी ते केलं नाही आणि माझे अडीच महिने गेले.

मी 31 वर्षं इथे बडोद्यात एका दवाखान्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग पोस्टात आणि बँकेत आहे, थोडा 2012 पासून एका जुन्या म्युच्युअल फंडात. गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये ठरवलं की ज्या क्षेत्रात आयुष्य गेलं, त्यात थोडे पैसे घालायचे. एकेक शेअर निवडणं मला जमणार नव्हतं, म्हणून इंडेक्स फंड. निफ्टी हेल्थकेअर निर्देशांकात, म्हणजे शेअर बाजाराने आरोग्य क्षेत्रासाठी ठरवलेल्या यादीत, 20 कंपन्या असतात आणि फंड फक्त त्या निर्देशांकाच्या मागे जातो, कुणाचं डोकं त्यात चालत नाही, म्हणून खर्चही कमी. ईटीएफही मिळतात, म्हणजे असेच फंड पण शेअरसारखे बाजारात घ्यायचे, पण त्यांना डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं लागतं. माझं नाही, आणि या वयात उघडायचंही नव्हतं.

निवड एका संध्याकाळी झाली. भाच्याने लॅपटॉपवर दोन-तीन फंडांचा खर्च आणि निर्देशांकापेक्षा ते किती मागे पडतात हे दाखवलं, मी डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये एजंट नसलेला, घेतला, महिन्याला 3000 रुपये. फॉर्म भरला, दर महिन्याला खात्यातून हप्ता कापायची परवानगी, म्हणजे बँकेचा मँडेट, दिला. चार दिवसांनी ईमेल: केवायसी, म्हणजे गुंतवणूकदाराच्या ओळखीची पडताळणी, नामंजूर.

माझी केवायसी 2012 सालची, कागदावर, मतदार ओळखपत्र लावून केलेली. एप्रिल 2024 पासून नियम बदलले आहेत. आधारवरून पडताळणी झालेली असेल तर स्थिती 'व्हॅलिडेटेड' दिसते आणि कुठल्याही फंड कंपनीत सहज जाता येतं. माझ्यासारख्यांची 'रजिस्टर्ड' दिसते. जुन्या फंडात व्यवहार चालू राहतात, नवीन कंपनीत जायचं तर कागदपत्रं पुन्हा. ही स्थिती केवायसी संस्थांच्या संकेतस्थळावर पॅन टाकून दोन मिनिटांत बघता येते. तेही मला नंतर कळलं.

मग आधारवरून ऑनलाइन केवायसी केली. ओटीपी आला, कॅमेऱ्यात चेहरा दाखवला, कोऱ्या कागदावर सही करून फोटो पाठवला. आठवड्याने पुन्हा नामंजूर. कारण एका ओळीचं: नाव जुळत नाही. कुठलं नाव, कशाशी, काही नाही. मी फंड कंपनीच्या अलकापुरीतल्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलाने स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "मॅडम, परत भरा, सात दिवसांत होईल." परत भरलं. सात दिवसांनी तीच ओळ. पुन्हा गेले तर तो नव्हता, दुसरा होता, त्यानेही तेच सांगितलं. मी विचारलं, नक्की कुठलं अक्षर चुकतंय ते तरी सांगा. तर म्हणे ते आम्हाला दिसत नाही, सिस्टीममधून येतं. मी लॅबमध्ये कुणाला "रिपोर्ट खराब आहे, काय खराब ते दिसत नाही" असं सांगितलं असतं तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्यांदा नामंजूर झाल्यावर मी रजिस्ट्रारच्या, म्हणजे फंड कंपन्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, सेवा केंद्रात गेले. तिथे खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने माझं आधार हातात घेतलं, पॅन घेतलं, दोन्हींवर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, "बेन, नाममां फेर छे." पॅनवर माझं नाव आपल्या मराठी पद्धतीने: स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. आधारवर इथल्या पद्धतीने आडनाव आधी, मग माझं नाव 'बेन' जोडून आणि ह्यांचं नाव 'भाई' जोडून. आधार काढलं तेव्हा ऑपरेटरने विचारलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने ते आदराने लिहिलेलं होतं. मीही पंधराएक वर्षं तेच कार्ड पर्समध्ये घेऊन फिरत होते आणि एकदाही खटकलं नाही, कारण पोळीवाल्या बाईपासून दांडिया बाजारातल्या दुकानदारापर्यंत सगळे मला बेनच म्हणतात आणि मला ते आवडतं. 2023 मध्ये हजार रुपये भरून पॅन-आधार लिंक केलं तेव्हाही ते निघून गेलं होतं. त्यामुळे नावात काही असेल असं डोक्यातच आलं नाही.

ती मुलगी म्हणाली, "आधारमांथी आ 'बेन' काढवुं पडशे." आणि दुसरी गोष्ट सांगितली, ती महत्त्वाची: आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणजे चूक परवडणार नाही.

आधार केंद्रात टोकन घेऊन दीड तास बसले. पत्ता ऑनलाइन बदलता येतो, नावासाठी तिथेच जावं लागलं. पुरावा म्हणून पॅन कार्ड चाललं, फी तेव्हा 50 रुपये होती (ऑक्टोबर 2025 पासून 75 झाली). ऑपरेटरसमोरच्या स्क्रीनसारखा दुसरा स्क्रीन आपल्याकडे तोंड करून असतो, त्याच्याकडे बघत राहा. त्याने माझ्या नावातला 'बेन' काढला, आडनाव शेवटी नेलं आणि ह्यांचा 'भाई' तसाच ठेवला! मी खुर्चीवरून उठून बोट दाखवलं. तो थोडा वैतागला, पण दुरुस्त केलं. मग पावती छापली ती मी तिथेच चष्मा लावून दोनदा वाचली, मागे रांग उभी होती तरी. त्या दोन मिनिटांचा मला अभिमान आहे.

आधार बदलल्याचा मेसेज गणपतीत आला. ई-आधार नवीन डाउनलोड केलं, पुन्हा केवायसी भरली आणि सप्टेंबरच्या मध्यावर 'व्हॅलिडेटेड' दिसलं. मी खरोखर रडले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, नाव जुळलं.

मधल्या काळात एक फायदा झाला. वाट बघताना मी निर्देशांकात काय आहे ते नीट वाचलं. हेल्थकेअर म्हटल्यावर मला वाटलं होतं हॉस्पिटलं आणि लॅब जास्त असतील. अपोलो, मॅक्स आहेत, पण मोठा वाटा औषध कंपन्यांचा, आणि सगळ्यात मोठी सन फार्मा, जिचं नोंदणीकृत कार्यालय आपल्या बडोद्यातल्या तांदळज्यात आहे. तिच्या हलोलच्या कारखान्यावर डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयातबंदीची सूचना काढली होती. हलोल इथून तासाभरावर, म्हणून ती बातमी आमच्याकडे घराघरात वाचली गेली. अमेरिकेत एक पत्र निघालं की इथे भाव हलतात, हे त्यातून समजून घ्या. निफ्टी फार्मा निर्देशांकाने एप्रिल 2015 मधली उंची पुन्हा गाठली ती 2021 मध्ये. सहा वर्षं! म्हणून मी भाच्याचा 5000 रुपयांचा आकडा ऐकला नाही आणि 3000 वरच राहिले. एका क्षेत्राच्या फंडात कुणी सगळी पुंजी घालू नये असं माझं ठाम मत आहे. लवकर लागणारे पैसे तर अजिबात नाही: वर्षाच्या आत काढलं तर नफ्यावर 20 टक्के कर, नंतर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर 12.5 टक्के.

पहिला हप्ता 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी गेला. दुपारी तीनच्या आत पैसे फंडाकडे पोचले तर त्याच दिवसाचा भाव मिळतो, म्हणून मी सकाळीच केलं. चारच दिवसांनी अमेरिकेने ब्रँडेड औषधांवर 100 टक्के शुल्क जाहीर केल्याची बातमी आली आणि औषधांचे शेअर पडले. भाच्याचा फोन आला, "मावशी, थांबवू का?" मी नाही म्हटलं. अडीच महिने त्या एका शब्दासाठी घालवून चार दिवसांत थांबायचं नव्हतं मला.

आता नॉमिनी म्हणून ह्यांचं नाव घातलं आहे. ह्यांच्या आधारवर अजून 'भाई' आहे. उद्या काही झालं तर पैसे घेताना केवायसी ह्यांचीच लागणार, म्हणून या शनिवारी पहिल्या टोकनला दोघं जाणार आहोत. पॅन मी आजच पाकिटात काढून ठेवलं.