सातबारा मोबाईलवर मिळतो, मग ही पेटी कशाला?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. तसा हा प्रश्न नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा विचारतो. जमिनीचे अभिलेख तहसिलीत आहेत, सातबारा मोबाईलवरही उतरवून घेता येतो, मग आजोबांची लाकडी पेटी आणि तिच्यातले रुमाल, म्हणजे लाल खारव्याच्या कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मी एवढे का सांभाळतो?

आमच्या घराकडे रामटेक तहसिलीतल्या एका गावची चार आण्यांची मालगुजारी होती, म्हणजे गाव सोळा आण्यांचे धरले तर त्यातला चौथा हिस्सा. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि पुढे 1860 च्या दशकातील जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी, तोवर गावचा शेतसारा गोळा करून भरणाऱ्या मालगुजारांनाच गावाचे मालक ठरवले. शेजारच्या वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई, त्यामुळे तिकडच्या सोयऱ्यांकडे अशी पेटी सापडणे कठीण.

सरकारी दप्तर मी कमी लेखत नाही, पण ते मुळात शेतसाऱ्याच्या हिशेबासाठी लिहिलेले असते. खसऱ्यात, म्हणजे शेतवार नोंदवहीत, शेताचा नंबर, क्षेत्र, पीक आणि कब्जेदार मिळतो. वाजिब-उल-अर्ज या गावच्या रिवाजांच्या दप्तरात सरपण, चराई, तलावाचे पाणी यांबाबतचे नियमही मिळतात. ते रिवाज प्रत्यक्षात कसे चालत होते, हे मात्र घरच्या वह्यांतच पाहावे लागते. आमच्या एका मोडी वहीत (साल फसली, म्हणजे जुन्या महसुली गणनेचे आहे, त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो) तलावाच्या पाळीवर माती टाकायला आलेल्या माणसांची नावे एकाखाली एक लिहिली आहेत, पुढे कामाचे दिवस आहेत, आणि मजुरीच्या रकान्यात आकडा नाही की शून्य नाही, वरपासून खालपर्यंत नुसती एक सरळ रेघ ओढलेली आहे. ती रेघ म्हणजे बेगार, बिनमजुरीचे सक्तीचे काम. वही आमच्याच दिवाणजींनी लिहिलेली असल्यामुळे ती आमच्याच घराची बाजू धरते, रयत तिच्यात दिसते ती अंगठ्याच्या निशाणीपुरती. तरीही ती रेघ लपवावी असे दिवाणजींना वाटले नाही, इतकी ती गोष्ट त्यांना साधी होती.

पेटीतला सर्वांत बोलका रुमाल मालगुजारी गेली तेव्हाचा आहे. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि तिथल्या 1950 च्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारांचे मालकी हक्क सरकारजमा झाले. गावचे तलावही गेले. आज ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते हेच माजी मालगुजारी तलाव. घरच्या काश्तीची, म्हणजे मालगुजार स्वतः कसत असलेली जमीन (कागदोपत्री सीर आणि खुदकाश्त), तेवढी मालगुजाराकडे राहणार होती, आणि साहजिकच कोणते शेत घरच्या काश्तीचे म्हणायचे यावरून घरोघर खल सुरू झाला. आमच्या रुमालात एका अर्जाची नक्कल आहे, तिच्यात अमुक शेत कायम घरच्या नांगरावर असल्याचे ठासून लिहिले आहे. त्याच घडीत धाकट्या आजोबांचे पोस्टकार्ड निघाले: ते शेत तर बटईने, पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला दिलेले आहे, अर्जात काय लिहायचे ते दादा, तुम्हीच ठरवा. तहसिलीत गेला तो अर्ज, पोस्टकार्ड घरीच राहिले.

म्हणून पेटी घेऊन कोणी सल्ला मागायला आले, की मी पहिल्यांदा सांगतो, कागद निवडू नका. खरेदीखताची नोंद सहसा सरकारात कुठे ना कुठे असते. चिठ्ठी, पोस्टकार्ड, किराण्याच्या पाठकोऱ्या यादीवर मांडलेला धानाचा हिशेब यांची दुसरी प्रत नसते. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. आणि कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत, तो क्रम मोडू नका.

हे शेवटचे मी चुकून शिकलो. पहिला रुमाल उघडला तेव्हा मोठ्या हौसेने दोन रविवार बसून सगळे कागद तारीखवार लावले आणि कोरे करकरीत फोल्डर केले. दुसऱ्या रुमालाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र घेतले, म्हणूनच तो अर्ज आणि ते पोस्टकार्ड एकाच घडीत होते, हे आज खात्रीने सांगू शकतो. पहिल्या रुमालात अशा किती जोड्या होत्या, ते आता कोणालाच कळायचे नाही.