गावाला किती वाजता निघावं?

गणपती आठ दिवसांवर आले की माझा फोन वाजायला लागतो. भाचा, शेजारचा पोरगा, जुने गिऱ्हाईक, सगळ्यांचा प्रश्न एकच: "काका, ऑफिस सुटलं की जेवून रात्री अकराला निघतो. रस्ता मोकळा मिळेल ना?" सव्वीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवली, त्यातली निम्मी मुंबई-गोवा रस्त्यावर, म्हणून मला विचारतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रस्ता मोकळा मिळेलही, पण अकराला निघू नका.

त्या दिवशी तुम्ही सकाळी सहाला उठलेले असता. लोकल, ऑफिस, संध्याकाळी मखराचं सामान, मग बॅगा भरणं. रात्री अकरा वाजता सतरा तास जागं राहून झालेले असतात. इतकं जागरण झालेल्या माणसाचे हात आणि डोकं साधारण १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखे मंदावतात, असं संशोधकांनी मोजून दाखवलंय. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न घेता तुम्ही त्या मर्यादेपलीकडे जाऊन स्टिअरिंगवर बसता. आणि पहाटेचे दोन ते सहा, ज्या वेळेला शरीर आपसूकच झोप मागतं, ते अजून पुढेच असतात.

हे माझ्यावर बेतलंय. घरचीच माणसं होती, मागे आई आणि दोन्ही मुलं. पहाटेचे पाच वाजत आले होते. महाडचा फाटा गेलेला आठवतो. त्यानंतरचं एकदम आठवतं ते डाव्या चाकाखाली खडीचा खडखडाट. गाडी साइडपट्टीवर उतरली होती आणि हेडलाइटच्या उजेडात समोर पुलाचा पांढरा कठडा होता. मी स्टिअरिंग ओढलं, गाडी रस्त्यावर आली. मागे कोणी जागंही झालं नाही. पोलादपूर जवळ आलं होतं, मधले कित्येक किलोमीटर माझ्या डोक्यात नव्हतेच. डोळे उघडे असतील, मी नव्हतो. शेजारच्या सीटवरचा मेव्हणा गाढ झोपलेला होता.

ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास ९० मीटर, एसटीच्या आठ बस एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं अंतर, गाडी कोणी न चालवता जाते. पेपरात येतं, "वाहनावरील ताबा सुटल्याने". कागदावर अतिवेग लिहिला जातो. पण गाडी सरळ जाऊन उभ्या ट्रकच्या मागे घुसली आणि रस्त्यावर ब्रेकचे काळे वळ नाहीत, असं दिसलं की आम्ही ड्रायव्हर मंडळी समजतो, डुलकी लागली.

म्हणून माझं उत्तर: दहाला झोपा आणि सकाळी सहाला निघा. चार तास ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी चालेल, आरतीला थोडा उशीर झाला तरी गणपती रागवायचा नाही. रात्रीच निघायचं असेल तर चालवणाऱ्याने दुपारी झोपून घ्यायलाच हवं, आणि शेजारी बसणाऱ्याने जागं राहायला हवं. सर्दीची गोळी घेतली असेल तर चालवूच नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते.

आणि तरीही वाटेत जांभया सुरू झाल्या, गाडी पांढऱ्या पट्ट्यावर जायला लागली, एखादा फाटा चुकला, तर काच खाली करून नि गाणी मोठ्याने लावून काही होत नाही. पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात गाडी घ्या, हायवेच्या कडेला नको. चहा-कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफी अंगात उतरायला तेवढाच वेळ लागतो, उठाल तेव्हा दोन्हींचा उपयोग होईल.

बाकीचं थोडक्यात. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलंत तर इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक लागत नाही. मागे बसलेल्यांनीही पट्टा लावायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलावर आदळली, पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते.

परतीचं मात्र मला कोणी विचारत नाही, आणि मला काळजी त्याचीच जास्त वाटते. गौरीचं जागरण, रात्रभर भजन, फुगड्या, जाखडी, दुसऱ्या दिवशी विसर्जन, आणि लगेच "उद्या ड्युटी आहे" म्हणून रात्रीच गाडी काढायची. पाच दिवसांची झोप बाकी असते. आमच्या घरी आता ठरून गेलंय. ज्याला गाडी चालवायची त्याला आदल्या रात्री दहाला आतल्या खोलीत पाठवायचं. अंगणात झांजा वाजत असतात, पोरं बोलवायला येतात, वहिनी दाराशी बसून त्यांना परत पाठवते. सकाळी चहा होतो, देवाला नमस्कार होतो, आणि उजाडल्यावरच गाडी सुरू होते.