ग्रोसग्लॉकनरचा उतार आणि दुसरा गिअर

"गाडी न्यूट्रल केलीस काय गं?"

मागच्या सीटवरून बाबांचा आवाज आला, तेव्हा आम्ही ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर घाटाच्या दक्षिण बाजूने खाली उतरत होतो. डाव्या हाताला जून उजाडला तरी न वितळलेला बर्फ, उजवीकडे सरळ दरी. नऊ दिवसांच्या प्रवासातलं बाकी सगळं थोडं पुसट झालंय. ही पाच मिनिटं मात्र जशीच्या तशी आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

म्युनिकला आम्ही तिघं उतरलो. मी, आई आणि बाबा. भाड्याने मागितली होती ऐसपैस स्टेशन वॅगन. काउंटरवर कळलं की ती नाही, त्याऐवजी 'त्याच वर्गातली' एक स्पोर्ट्स सेडान आहे. मला मनातून आनंद झाला आणि लगेच बाबांच्या गुडघ्यांची आठवण होऊन तो ओसरलाही. दोन म्हाताऱ्या माणसांना आणि तीन बॅगांना घेऊन फिरायचं असताना कोणती गाडी हवी, हे आधी विचारून तशी दिली पाहिजे. 'वर्ग तोच आहे' हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही. दोन मोठ्या बॅगा डिकीत गेल्या, तिसरी बाबांच्या शेजारी बसली. आईला गाडी लागते, त्यामुळे ती पुढे.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक गाड्यांना लागू आहे. लांबी ४.७ मीटरच्या आसपास, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, अडीचशेच्या वर अश्वशक्ती, ४०० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर), आठ गिअरचा ऑटोमॅटिक आणि ताकद मागच्या चाकांना. बीएमडब्ल्यूने १९७५ साली पहिली थ्री सीरीज आणली, १९८२ मध्ये मर्सिडीजची १९० आली, १९९४ मध्ये ऑडीची ए-फोर. तेव्हापासून या गाड्यांमागचा विचार साधारण तोच राहिलाय: चार माणसांची घरगुती गाडी, पण चालवणाऱ्याला प्रत्येक वळणावर मजा आली पाहिजे. मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून या गाड्यांबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. चालवायला मिळाली ती वीस वर्षांनी.

म्युनिक ते साल्झबर्ग ऑटोबान. एका टप्प्यावर वेगमर्यादा उठल्याची ती पांढरी गोल पाटी आली, काळ्या तिरप्या रेघांची. मर्यादा नसली तरी शिफारस १३० चीच असते, आणि त्याहून जास्त वेगात अपघात झाला तर दोषाचा काही वाटा आपल्या माथी येऊ शकतो. हे माहीत असूनही रस्ता रिकामा पाहून मी पाय दाबला. १३० वरून १८० कधी झाले ते कळलंही नाही. पिकअप म्हणजे धक्का बसणं असं मला वाटायचं. इथे धक्का नव्हताच, मागून कुणीतरी तळहाताने सावकाश रेटत राहावं तसं वाटत होतं. बाबा पुढे वाकून काटा पाहत होते. "आवाज नव्वदचा आहे," म्हणाले. आई झोपली होती. स्टेअरिंग त्या वेगाला इतकं जड आणि सरळ होतं की दोन बोटांचीही दुरुस्ती लागत नव्हती. आरामाची परीक्षा घ्यायची तर ती अशा रस्त्यावर घ्यावी, जिथे तीन तासांनी उतरल्यावर पाठ बोलत नाही. पुढच्या सीटपुरतं ते शंभर टक्के खरं होतं.

साल्झबर्गमध्ये दोन दिवस पाऊस पडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रुक गावावरून फेर्लाइटनच्या टोलनाक्यावर आलो. ग्रोसग्लॉकनर घाटाचा हा रस्ता १९३० ते १९३५ या पाच वर्षांत बांधला. फ्रान्त्स वालाक या इंजिनिअरने तो आखला. ४८ किलोमीटर लांबी, ३६ हेअरपिन वळणं. उत्तरेकडून चढताना वळणांना नंबर आहेत, पाटीवर उंचीही लिहिलेली असते. मोटारकंपन्या नव्या गाड्यांची चाचणी इथे घेतात. कशासाठी, ते मला उतरताना कळायचं होतं.

चढ म्हणजे निव्वळ आनंद. वळणाच्या आधी ब्रेक, स्टेअरिंग वळवलं की नाक लगेच आत शिरतं, आणि वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर दिला की मागची चाकं गाडीला ढकलून बाहेर काढतात. इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर लादण्याऐवजी ते जितकं मागे सरकवता येईल तितकं सरकवलेलं असतं, वजन पुढेमागे जवळजवळ निम्मं-निम्मं. कागदावर वाचलेली ही गोष्ट आठव्या वळणावर मला कमरेत जाणवली. अडीच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपट उरते. साधं इंजिन इथे धापा टाकतं. टर्बो हवा दाबून आत भरतो, त्यामुळे आमच्या गाडीने तसूभरही कुरकुर केली नाही. प्रत्येक वळणावर आईचा हात दरवाज्यावरच्या कडीला होता, पण तिला एकदाही मळमळलं नाही. गाडी वळणात कलंडतच नव्हती. जी गाडी वळणात झोकांड्या खाते ती पोट ढवळते, हे माझं ठाम मत आता झालंय.

बाबा मात्र गप्प होते. फुशर टोर्ल या खिंडीच्या अलीकडे एडेलवाइसश्पिट्झेला जाणारा फाटा आहे, वर २,५७१ मीटरचं टोक. तो रस्ता डांबरी नाही, दगडी चिऱ्यांचा आहे. तिथे बाबांच्या गप्प राहण्याचं कारण कळलं. कडक स्प्रिंगा, बारीक कडांचे रुंद टायर आणि खाली चिरे. पुढच्या सीटवर तो खडखड मला रस्त्याची माहिती देत होता, मागे तो बाबांच्या मणक्यात जात होता. शिवाय मागच्या चाकांना ताकद देणारा दांडा गाडीच्या पोटातून जातो, त्याचा उंचवटा मागच्या बैठकीच्या मधोमध. शेजारी बॅग, पायाशी उंचवटा, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. आरशात पाहिलं तर ते दोन्ही तळहात सीटवर टेकून अंग उचलून धरत होते. मी मोड बदलून 'कम्फर्ट' केला. थोडा फरक पडला, फार नाही. या गाडीत मागचा माणूस पाहुणा असतो, घरचा नाही. वरून ग्रोसग्लॉकनरचं ३,७९८ मीटरचं शिखर दिसतं असं ऐकलं होतं. आम्हाला ढग दिसले.

खाली आल्यावर 'कम्फर्ट'च्या शेजारचा 'इको' निवडला. पुढे बहुतेक उतारच आहे, पेट्रोल वाचेल, इतकाच विचार. होख्टोरचा बोगदा २,५०४ मीटरवर आहे. तो ओलांडला की साल्झबर्ग प्रांत संपतो आणि कॅरिंथिया सुरू होतो. पलीकडे ऊन होतं, रस्ता कोरडा होता, आणि मी गाडी सोडली.

"गाडी न्यूट्रल केलीस काय गं?"

"नाही बाबा, ऑटोमॅटिक आहे."

"मग इंजिन कुठंय? मला ऐकू येत नाही."

बाबांनी एकोणतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी घाटात. उताराला गाडी न्यूट्रलवर टाकून डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरांबद्दल ते किती रागाने बोलायचे, ते मी लहानपणापासून ऐकलंय. मी त्यांना समजावणार, एवढ्यात आईने नाक मुरडलं. "काहीतरी जळतंय."

जळत होते ब्रेक. पेडलही नेहमीपेक्षा खोल जात होतं, पायाखाली स्पंज असल्यासारखं. पुढच्या वळणाशी गाड्या थांबवायची रुंद जागा होती, तिथे घेतली. बाबा उतरले, वाकून पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर तळहात धरला आणि लगेच मागे घेतला. "हात लावू नकोस. पाणीबिणी ओतायचं नाही. नुसतं थांबायचं." चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क दिसत होती, तिच्यावर निळसर झाक आली होती.

वीस मिनिटं थांबलो. तेवढ्या वेळात गाडीची पडद्यावरची माहितीपुस्तिका उघडून वाचली. इको मोडमध्ये दोन्ही पेडलांवरून पाय काढला की गिअरबॉक्स इंजिनाला सोडवून ठेवतो, म्हणजे गाडी वाहत राहावी आणि पेट्रोल वाचावं. सपाट हमरस्त्यावर हे छान आहे. बारा टक्क्यांच्या उतारावर त्याचा अर्थ, बाबा म्हणाले तोच. गाडी न्यूट्रलवर. ब्रेक दाबला की इंजिन परत जोडलं जायचं, पण वरच्याच कुठल्यातरी गिअरमध्ये, जिथे ते गाडीला धरून ठेवत नाही. सगळा भार चार डिस्कवर.

मी हिशोब केला. माणसं-सामान धरून गाडी १,९०० किलो. होख्टोरपासून हाइलिगेनब्लुट गाव १,२०० मीटर खाली. तेवढ्या उतरणीत जी ऊर्जा मोकळी होते ती साधारण सहा युनिट विजेइतकी. वेगळ्या शब्दांत, ताशी २०० च्या वेगातली हीच गाडी सातेक वेळा पूर्ण थांबवली तर ब्रेकांना जेवढी उष्णता झेलावी लागेल तेवढी. त्यातली काही हवा आणि टायर खातात. बाकीचं काय करायचं ते ड्रायव्हरने ठरवायचं असतं, आणि मी ते ठरवलंच नव्हतं.

"चढताना कुठल्या गिअरवर होतीस?"

"दुसऱ्या-तिसऱ्या."

"मग उतरताना त्याच. गाडी कुठलीही असो."

स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला मागे एक छोटी पट्टी असते. तोपर्यंत मी ती चढावर मजेसाठी ओढली होती. आता ओढून दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडलं, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा चार हजाराजवळ गेला, आणि मी घाबरून पाय ब्रेकवर नेला. "राहू दे," बाबा म्हणाले. "ओरडू दे त्याला. ते त्याचं काम आहे." वेगाचा काटा ताशी ५० वर येऊन थांबला. ब्रेक नाही, अॅक्सिलरेटर नाही, आणि गाडी उतारावर दोरी लावून धरल्यासारखी संथ उतरतेय. वळण आलं की एकदाच, ठाम ब्रेक, मग सोडून द्यायचा. सतत पाय घासत ठेवायचा नाही. पडद्यावर त्या क्षणाचा पेट्रोलचा खर्च दिसतो, तो ०.० झाला होता. चाकंच इंजिन फिरवत असतात, तेव्हा आताची इंजिनं पेट्रोल पूर्ण बंद करतात. म्हणजे इको मोडमध्ये इंजिन सुटं राहून जे थेंबथेंब जळत होतं, तेही आता वाचत होतं. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी दोनदा विचारलं, "शून्य? खरंच शून्य?"

मागून एक-दोन मोटारसायकलवाले चिकटले होते, त्यांना जागा करून दिली. वेगमर्यादेची घंटा मध्येच पिंपिं करत होती. युरोपात ७ जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना ती बंधनकारक आहे, आणि गाडी सुरू केली की दरवेळी ती आपोआप चालू होते. हेतू चांगला आहे. पण आमच्या गाडीचा कॅमेरा बाजूच्या फाट्यावरची पाटी वाचून ३० च्या नावाने ठणाणा करायचा, आणि अशा उतारावर मला फक्त इंजिन ऐकायचं होतं. एसीचं तापमान बदलायलाही पडद्यावर बोट न्यावं लागतं, रस्त्यावरची नजर काढून. फिरवायची एक साधी कळ ठेवली असती तर आईला तीनदा "थंडी वाजते" म्हणावं लागलं नसतं. काचेवर उमटणारा वेगाचा आकडा मात्र मला मनापासून आवडला, त्यासाठी मान खाली घालावी लागत नाही.

हाइलिगेनब्लुटला पोचलो तेव्हा पेडल पुन्हा घट्ट झालं होतं. चर्चचा तो उंच अणकुचीदार मनोरा, आणि मागे ढगांतून अखेर बाहेर आलेलं शिखर. आई फोटो काढायला गेली. गाडी बंद होती. बाबा म्हणाले, "जरा बसू का तिथे?"

चालवायचा प्रश्नच नव्हता, करारात माझंच नाव होतं. ते नुसते बसले. सीट मागे घेतली, उंची वाढवली, पाठ सरळ केली, मग बाजूचे आधार आत घेऊन कमरेला बसवले. एवढं सगळं विजेवर होतं याचं त्यांना अप्रूप वाटलं. स्टेअरिंगवर हात, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यावर काटे असतात तसे. डाव्या पट्टीवरून बोट फिरवलं, ओढली नाही. मी खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय क्लच शोधत होता. तो नाही हे कळल्यावर त्याच जागी दोनदा दाबला आणि टेकवून ठेवला.

"बैठक उत्तम आहे," म्हणाले. "ब्रेकही चांगले. एवढं तापूनही धरलं त्यांनी. फक्त मागे माणूस बसतो हे विसरलेत."

"उद्या ह्याच रस्त्याने परत जायचं की हा घाट टाळून दुसऱ्या रस्त्यावरच्या बोगद्याने? तो रस्ता इतका चढउताराचा नाही, तुमच्या पाठीला बरं पडेल."

ते थोडा वेळ घाटाकडे पाहत राहिले.

"ह्याच रस्त्याने. चढाला तू चालव तुझ्या मनासारखी. उताराला मी मागे कान देऊन बसतो."