तिसरी व्हायल आणि सव्वापाच हजार डॉलर

अमेरिकेत नर्स म्हणून काम करणाऱ्या आम्हा मराठी बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या महिन्यात त्यात एकीने विचारलं, "ताई, तुम्ही नोकरी सांभाळून हेल्थ इन्फॉर्मॅटिक्समध्ये मास्टर्स केलंत ना? फीचं कसं जमवलंत?" ती डायलिसिस युनिटला आहे, दोन मुलं लहान, घराचे हप्ते चालू. तिच्याशी मी तासभर फोनवर बोलले, पण बोलण्यात निम्म्या गोष्टी राहून जातात. जी माहिती वेळेवर नसल्याने माझे पैसे गेले, ती पुढच्या मुलीला आधीच मिळायला हवी, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स म्हणजे पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर नीट ठेवण्याचं आणि वापरण्याचं शास्त्र. आधी हे सांगते की वॉर्डातली नर्स या कॉम्प्युटरच्या वाटेला गेलीच कशी.

मी मिरजेला नर्सिंग शिकले, तिथेच काही वर्षं काम केलं आणि २००६ मध्ये ओहायोला आले. २०११ मध्ये आमच्या हॉस्पिटलमधले कागद गेले आणि सगळं चार्टिंग, म्हणजे पेशंटच्या नोंदी, कॉम्प्युटरवर आलं. त्याच हिवाळ्यातली एक नाईट. इमर्जन्सीतून एक आजोबा आमच्या मजल्यावर आले, फुप्फुसात रक्ताची गुठळी. हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, ऑर्डर होती. हेपरिन वजनावर देतात, पहिला डोस किलोमागे ८० युनिट. मी औषधांच्या खोलीत उभी राहून सिरिंज भरत होते. ५,००० युनिटची एक व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, संपली, दुसरी संपली, आणि तिसरीचं झाकण उघडताना माझा हात थांबला. मिरजेच्या आमच्या ट्यूटर सिस्टर सांगायच्या, "एका डोसला दोनापेक्षा जास्त व्हायल लागायला लागल्या की हातातलं खाली ठेवायचं आणि आधी पेशंटकडे जाऊन बघायचं."

मी जाऊन बघितलं. मनगटावरचा प्लॅस्टिकचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही सैल होता, कोपरापर्यंत सरकत होता. स्क्रीनवर वजन होतं १५४ किलो. त्या माणसाचं वजन सत्तरच्या वर नसणार हे कुणीही नुसतं बघून सांगितलं असतं. खाली स्ट्रेचरच्या काट्यावर १५४ पौंड, म्हणजे साधारण सत्तर किलो, आले होते आणि गर्दीत कुणाच्या तरी हातून तो आकडा किलोच्या चौकटीत पडला होता. डोस निघाला होता १२,३२० युनिट, द्यायला हवा होता ५,६००. डॉक्टरांची सही झाली होती, फार्मसीतून तो मंजूर होऊन आला होता. मी बारकोडचा स्कॅनर लावला असता तर त्यानेही हिरवी खूण दाखवली असती, कारण पेशंट तोच होता आणि औषधही तेच होतं.

डॉक्टरांना फोन करून ऑर्डर बदलून घेतली. आजोबा आठवडाभरात आपल्या पायांनी चालत घरी गेले. ज्याच्या हातून तो आकडा चुकला त्याचा मला राग आला नाही. रात्री दोन वाजता तो माझ्याही हातून चुकला असता. पण ती चौकट माझ्या डोक्यातून जाईना. १५४ किलो लिहिल्यावर "नक्की का?" एवढंही न विचारणारी चौकट कुणी बनवली? ती बनवताना त्या खोलीत एखादी नर्स होती का?

विचारत विचारत कळलं की या कामाला नाव आहे. नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स ही स्वतंत्र शाखा म्हणून इथल्या नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेने १९९२ मध्येच मान्य केली होती. मला ते शिकायचं होतं. पुढचा प्रश्न फीचा.

आणि इथे मी एक संधी आधीच घालवून बसले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा सरकारने मंदीवर उपाय म्हणून जो कायदा केला, त्यातून हॉस्पिटलं आणि दवाखाने कॉम्प्युटरवर आणायला मोठा पैसा आला. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यामार्फत एकेका डॉक्टरला ४४,००० डॉलरपर्यंत प्रोत्साहन होतं. पण यंत्रं आली तरी ती नीट चालवणारी माणसं हवीत, म्हणून एप्रिल २०१० मध्ये नऊ विद्यापीठांना मिळून ३ कोटी २० लाख डॉलर दिले गेले. कोलंबिया, ड्यूक, जॉन्स हॉपकिन्स, मिनेसोटा, इंडियाना, ओरेगन, टेक्सस स्टेट अशी त्यातली नावं. वर्षभरात पुरं होणारं पदवीनंतरचं सर्टिफिकेट आणि त्याच्या फीला मदत. आमच्या ब्रेक रूममध्ये त्याचा कागद लावलेला होता. चहा पिता पिता मी तो वाचला होता. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती, आणि हे आयटीवाल्यांचं असणार असं समजून मी चहाचा कप धुऊन वॉर्डात परतले. मी शिकायला निघाले तोवर ती योजना आटोपली होती. असा कागद दिसला की तो आपल्यासाठी नाही हे मनाशी ठरवण्याआधी त्यावरच्या नंबरला एक फोन करा. एवढं माझं ऐका.

मग राहिली ती नोकरीच्या ठिकाणची मदत. ट्युशन असिस्टन्स म्हणजे काय, तर तुम्ही शिका, फीचा काही भाग हॉस्पिटल देईल. आयकर कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे मालकाने अशा योजनेतून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिले तर ते तुमच्या पगारात धरले जात नाहीत, त्यावर कर लागत नाही. हा आकडा १९८६ मध्ये ठरला आणि माझ्या शिक्षणाच्या सगळ्या वर्षांत तोच होता. मधली काही वर्षं पदवीनंतरचं शिक्षण यातून वगळलेलं होतं, २००२ पासून ते परत आलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये ही तरतूद कायमची झाली. त्याच वर्षी मी अर्ज केला. कलमात फीबरोबर पुस्तकंही बसतात, जाण्यायेण्याचा खर्च मात्र नाही.

माझा पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीत आलं होतं: "सध्याच्या कामाशी संबंध नाही." नर्सिंगमधलं मास्टर्स घेतलं असतं तर लगेच सही मिळाली असती, इन्फॉर्मॅटिक्स म्हणजे त्यांच्या लेखी कॉम्प्युटरचा कोर्स. मला खूप वाईट वाटलं. दिवसाचे चार-चार तास मी ज्या स्क्रीनसमोर उभी असते तिचा माझ्या कामाशी संबंध नाही, हे कसं? दुसऱ्या अर्जात मी गुळगुळीत वाक्यं लिहिली नाहीत. पेशंटची ओळख न देता १५४ ची हकिगत लिहिली, कुठल्या विषयात काय शिकायचं आहे ते एकेक विषय घेऊन लिहिलं, आणि मॅनेजरबाईंना ते आधी वाचायला दिलं. त्यांनी खाली दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या. तो अर्ज मंजूर झाला.

आता हिशेब. माझं मास्टर्स ३६ क्रेडिटचं होतं (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, फी त्यावरच ठरते), क्रेडिटला ८५० डॉलर, म्हणजे एकूण ३०,६००. तीन क्रेडिटच्या एका विषयाला २,५५०. वर्षाला दोन विषय घेतले तर ५,१०० होतात, सव्वापाच हजारांत अगदी बसतात, पण मग बारा विषयांना सहा वर्षं लागतात. मी वर्षाला तीन घेतले, चार वर्षांत संपवलं.

कागदावर सोपं दिसतं. खरी अडचण अशी की पैसे आधी आपण भरायचे. सेमिस्टर संपल्यावर निदान बी ग्रेड दाखवायची, पावती जोडायची, मग ते पैसे परत देतात. ऑगस्टमध्ये भरलेले २,५५० हातात यायला जानेवारी उजाडतो. पहिल्या फीला आमची भिशी कामाला आली. आठ घरांची, महिना ३०० डॉलरची. माझा नंबर ऑक्टोबरचा होता, पण सगळ्यांनी मिळून ऑगस्टची मला दिली. जिची ऑगस्टची पाळी होती तिने स्वतःहून फोन केला. २,४०० त्यातून आले, वरचे दीडशे मी घातले. परदेशात कुणी असं आपल्यासाठी थांबतं तेव्हा काय वाटतं, ते इथे राहणाऱ्यांना कळेल.

आणि आता ती गोष्ट, जी मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आणि आमच्या हॉस्पिटलच्या नियमात पैसे ज्या तारखेला हातात पडतात ते वर्ष धरलं जायचं, तुम्ही ज्या वर्षी शिकलात ते नाही. मी पहिला विषय ऑगस्ट २०१३ मध्ये घेतला. ग्रेड डिसेंबरच्या शेवटी लागली, चेक जानेवारी २०१४ मध्ये आला. म्हणजे तो विषय २०१४ च्या खात्यात गेला आणि माझे २०१३ चे सव्वापाच हजार कोरेच्या कोरे वाया गेले. तोच विषय मे महिन्यात, समर सेमिस्टरला घेतला असता तर चेक सप्टेंबरमध्ये आला असता आणि एकूण २,४०० डॉलर वाचले असते. मी ते २०१४ च्या सप्टेंबरमध्ये समजले, जेव्हा तिसऱ्या विषयाचे फक्त दीडशे डॉलर आले. एचआरमधल्या मुलीने नियम काढून दाखवला. चौदाव्या पानावर होता. तिची काही चूक नव्हती, पण अर्ज मंजूर करताना कुणी तोंडी सांगितलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

एकूण मला चार वर्षांचे २१,००० मिळाले, ९,६०० माझ्या खिशातून गेले. वर्षाला २,४००. त्यावर करात लाइफटाइम लर्निंग क्रेडिट नावाची सवलत घेता येते, स्वतः भरलेल्या फीच्या २० टक्के, म्हणजे माझ्या बाबतीत वर्षाला ४८० डॉलर. उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि हॉस्पिटलने दिलेली रक्कम त्यात परत मोजायची नाही. टॅक्स भरून देणाऱ्याला हे आठवणीने विचारा, तो आपणहून विचारेलच असं नाही.

राहिला बाँड. शेवटचा चेक मिळाल्यापासून दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर पैसे परत. २०१८ मध्ये मला दुसऱ्या शहरातून जास्त पगाराची नोकरी आली होती, यांचीही तिकडे बदली होऊ शकत होती. आम्ही हिशेब मांडला आणि थांबलो. त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण सही करताना घरच्यांना शेजारी बसवून ती अट वाचा. तुमच्याबरोबर ते सगळेच दोन वर्षं बांधले जातात.

शिकण्यातलं एकच सांगते. दुसऱ्या वर्षी डेटा स्टँडर्ड्सचा विषय होता. लॉइंक नावाची एक पद्धत आहे, शेजारच्या इंडियानात रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये १९९४ मध्ये सुरू झालेली. प्रत्येक तपासणीला, प्रत्येक मोजमापाला एक नंबर. शरीराच्या वजनाचा नंबर २९४६३-७. सरांनी शिकवलं की हा नंबर, आकडा आणि एकक ही तिन्ही एकत्र गेली तरच त्याला वजन म्हणायचं, नुसता १५४ म्हणजे काहीच नाही. नाईट करून आले होते, स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसून ऐकत होते, आणि एकदम डोळे भरून आले. मला त्या आजोबांचं मनगट दिसलं.

२०१६ पासून मी आमच्याच हॉस्पिटलच्या इन्फॉर्मॅटिक्स टीममध्ये आहे. वजनाच्या चौकटीवर मी पहिल्या महिन्यापासून मागे लागले होते. आता तिथे फक्त किलो लिहिता येतात, शेजारी पौंड आपोआप दिसतात, आणि मागच्या वजनापेक्षा फार फरक असेल तर दुसऱ्या नर्सने बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्ट्रेचरचे काटे सुद्धा किलोवर आणून कुलूपबंद केले. त्याला अकरा महिने लागले.

डायलिसिसवाल्या त्या मुलीने परवा तिचा अर्ज मला वाचायला पाठवला. मे महिन्यापासून सुरू करते आहे, चौदावं पान वाचून. तिच्याकडे सगळं वजनावरच चालतं, शरीरातलं किती पाणी काढायचं ते आधीच्या वजनावरून ठरतं आणि किती निघालं ते नंतरच्या वजनावरून कळतं. "सध्याच्या कामाशी संबंध" या रकान्यात तिने लिहिलं आहे की काट्यावरचा आकडा ती आधी हातमोज्यावर पेनाने लिहिते, मग चार खुर्च्या ओलांडून स्क्रीनपाशी जाते, आणि तिथे पोचेपर्यंत कधी कधी हातमोजा बदलावा लागलेला असतो. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही. सोमवारी तिच्या मॅनेजरची सही व्हायची आहे.