ओबीचा डोंगर

कॅनडातल्या कॅनमोरच्या बाजारपेठेतल्या एका कॉफीच्या दुकानात लेक रांगेत उभी होती आणि मी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत बसले होते. सवय आहे. कोणाच्याही घरी गेले की माझं बोट आधी खिडकीकडे जातं, आणि यजमानीणबाईंना वाटतं, ही स्वच्छतेच्या बाबतीत फार खवट दिसते. तसं काही नसतं. चंद्रपूरजवळच्या घुग्घुसला, कोळशाच्या खाणींच्या गावात वाढलेल्या माणसाला चौकटीवर किती काळं बसलंय हे बघितल्याशिवाय बसल्यासारखंच वाटत नाही. इथे बोट कोरं निघालं. मला ते जरा खटकलंच, कारण कॅलगरीहून निघतानाच लेक म्हणाली होती, "आई, हेही तुझ्यासारखंच कोळशाचं गाव आहे हं."

आमच्याकडे पांढरे कपडे वाळत घालायचे म्हणजे आईला आधी वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागे. तरी बाबांच्या बनियनवर बारीक काळे ठिपके यायचेच. दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की मांडणीतले पेले किणकिणायचे. आई तेव्हा पोळ्या लाटत असली तर एका हाताने लाटणं धरून दुसरा हात मांडणीला लावायची, न बघता. हादरा विरला की पुन्हा लाटणं सुरू. मध्ये एक शब्द नाही.

कॅनमोरला असं काही झालं असेल यावर विश्वास बसत नाही. रॉकी पर्वतात, कॅलगरीपासून तासाभराच्या अंतरावर, चहूबाजूंनी कडे, 'थ्री सिस्टर्स' नावाची तीन शिखरं, रस्त्यातून सायकली आणि लाडावलेली कुत्री. पण 1887 मध्ये इथे कोळसा काढायला सुरुवात झाली, ती थेट 1979 पर्यंत. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या इंजिनांना लागणारा कोळसा इथल्या डोंगरांच्या पोटातून जायचा. शेवटची खाण 13 जुलै 1979 ला बंद झाली. त्या दिवशी शुक्रवार होता. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे तसाही अपशकुनी. त्यात नव्वद वर्षांची भाकरी गेली. मग 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगच्या लांब पल्ल्याच्या शर्यती कॅनमोरला झाल्या आणि गावाचं नशीबच फिरलं. खाणकामगारांचं एक जुनं लाकडी घर दिसलं, दोन खोल्यांचं असेल नसेल. अशा घरांना आता काय भाव आहे ते लेकीने सांगितलं. मी त्याचे रुपये करायला घेतले आणि अर्ध्यातच सोडून दिले.

गावाच्या डोक्यावर जे टोकदार शिखर दिसतं, त्याचं नाव हा-लिंग. हा-लिंग हा चिनी स्वयंपाकी. 1896 मध्ये त्याने पन्नास डॉलरची पैज लावली, की दहा तासांच्या आत वर जाऊन परत येतो. सकाळी निघाला आणि दुपारच्या जेवणाला गावात हजर. वर निशाण लावून आला होता, पण ते खालून कोणाला दिसेना. झालं, म्हणाले हा थापा मारतोय. तेव्हा गडी आणखी मोठं निशाण घेऊन, या वेळी साक्षीदारांना बरोबर घेऊन, पुन्हा चढला. पहिलं निशाण होतंच तिथे. पुढे शिखराला त्याच्यावरूनच नाव पडलं खरं, पण त्याचं नाव नाही, त्याची जात! 'त्या चिन्याचं शिखर' एवढंच. नकाशावर त्याचं स्वतःचं नाव यायला 1997 उजाडावं लागलं. आणि ज्या डोंगराचं हे टोक आहे त्या अख्ख्या डोंगराचं नाव लॉरेन्स ग्रासी. हा इटलीहून आलेला खाणकामगार, कामावरून सुटला की डोंगरात दगड रचून पायवाटा बांधायचा. त्याच्या नावाची दोन हिरवीगार तळीही आहेत वर. एक आचारी, एक खाणकामगार. आमच्याकडे डोंगराला नाव द्यायचं म्हटलं असतं तर आधी कमिटी नेमली असती.

पण आमच्याकडे मुळात डोंगरच नव्हता. होती ती ओबी. ओपनकास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, कोळशाच्या वरची जी माती-दगड काढून टाकतात तिला सगळे ओबी म्हणतात. पूर्ण शब्द 'ओव्हरबर्डन' हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. डंपर रात्रंदिवस ओतत राहायचे आणि ढिगारा वाढत राहायचा. आम्हा पोरांना तोच डोंगर. जायची सक्त मनाई होती, कारण माती कधी सरकेल नेम नसतो. म्हणून तर मी आणि माझा धाकटा भाऊ एका दुपारी गेलो. वरून वर्धा नदी दिसली, सिमेंट कारखान्याची धुराडी दिसली, आपलं क्वार्टर कोणतं यावर आमचं भांडण झालं. आम्ही वर जाऊन आलो हे कोणाला पटवून द्यायची वेळ आली नाही. दारात आईने फक्त तळपाय बघितले. "कायले गेल्ती वं तिकडं?" हे विचारेपर्यंत पाठीत धपाटा बसलासुद्धा.

कॉफी संपवून आम्ही क्वारी लेकला गेलो. ही जुनी उघडी खाण. बंद झाल्यावर खड्ड्यात पाणी साठलं, भोवती गवत-झाडं लावली. पोरं पोहत होती, कोणी सँडविच खात होतं. मला एकदम आमच्याकडचे पाण्याने भरलेले खड्डे आठवले, ज्यांच्या काठाला म्हशीसुद्धा जपून नेतात. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

लेकीला मात्र घरांच्या जाहिराती बघायचा नाद. तिनेच सांगितलं, की कॅनमोरच्या काही भागात जमिनीखाली जुन्या खाणींची पोकळी आहे, तिथे बांधायचं तर आधी इंजिनीअरकडून खालचं तपासून घ्यावं लागतं. जमीन खचल्याचे प्रकार इथेही झालेत. ती हे अगदी सहज सांगत होती, फ्लॅटला पार्किंग आहे की नाही त्या सुरात.

घुग्घुसला अमराई वॉर्डात 2022 च्या ऑगस्टमध्ये एक घर जमिनीत गेलं. पडलं नाही, गेलं. खाली जुनी भूमिगत खाण. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. तो व्हिडिओ मी पुण्यात बसून बघितला, पुन्हा पुन्हा बघितला, आणि मग भावाला फोन लावला. तो अजून तिथेच राहतो. म्हटलं, घर विक आणि चंद्रपूरला जा, नाहीतर इकडे ये, पण तिथून हल.

"कुठी जाऊ ताई," तो म्हणाला, "आणि हे घेणार कोण?"

कॅनमोरहून त्याला डोंगराचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मस्त. ओबी कोठी टाकत होते?"