साठ मीटर कातळ आणि तीन ‘एन’

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची छोटी नदी, ऑक्टोबरअखेर, पाणी निवळ आणि गुडघ्याच्या खाली. एका पुलासाठी पूरपातळी काढायची होती आणि त्यासाठी मॅनिंगच्या (खोली आणि उतारावरून पाण्याचा वेग देणाऱ्या) सूत्रातला ‘एन’, म्हणजे पात्राचा खडबडीतपणा. तक्त्यातून उचललेला ०.०३५ फाइलीत आधीच बसलेला होता. आम्ही फक्त पडताळणीला गेलो होतो. संध्याकाळपर्यंत त्याच पाण्यातून तीन वेगळे ‘एन’ निघाले. गणित तिन्हींचं बरोबर होतं.

साठ मीटरचा, त्यातल्या त्यात सरळ पट्टा धरला. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून दोन्ही टोकांना पाण्याच्या पृष्ठभागाची पातळी घेतली, तीही दोन्ही काठांवर. तळाचा उतार इथे घेऊ नये. स्टाफ, म्हणजे मोजपट्टीचा दांडा, एखाद्या खळग्यात टेकला की उतारच उलटा येतो. साठ मीटरमागे उतार ९० सेंमी, म्हणजे ०.०१५. पाच ठिकाणी आडवे छेद घेतले, प्रत्येकी तीसेक खोल्या मोजल्या. रुंदी सहा मीटर, जलीय त्रिज्या (पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओली कड, ढोबळ अर्थाने सरासरी खोली) ०.३० मीटर.

मग गोटेमोजणी, वोल्मन यांची १९५४ची पद्धत. काठाकडून काठाकडे चालायचं, दर पावलाला नजर वळवून बुटाच्या टोकाशी बोट खाली न्यायचं आणि पहिला लागेल तो दगड घ्यायचा. त्याचा मधला अक्ष (सर्वांत लांब नाही, सर्वांत आखूडही नाही तो) कॅलिपरने मोजायचा. हलत नाही तो धोंडा जागेवरच मोजायचा. पाण्यात बघत हात घातला की हात आपोआप मुठीत मावेल असा गोटा शोधतो आणि आकडे लहान येतात. शंभर पावलांपैकी ३१ ठिकाणी बोट सरळ कातळावर टेकलं. नवखा माणूस तिथे ‘दगड नाही’ म्हणून पुढे सरकतो. तिथे ‘कातळ’ असं लिहायचं, नाहीतर पात्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा हिशेबातून गायब होतो.

सुट्या दगडांचा डी-५० (निम्मे दगड ज्याहून लहान तो आकार) आला १६ सेंमी, डी-८४ (शंभरातले ८४ ज्याहून लहान तो) आला ३८. स्ट्रिकलर यांचं १९२३चं सूत्र सोपं आहे: डी-५० मीटरमध्ये घ्या, सहावं मूळ काढा, २१.१ने भागा. उत्तर ०.०३५. तक्त्याशी तंतोतंत जुळलं. शंका यायला हवी होती ती इथेच.

कातळाला गोट्यांची पद्धत लागूच पडत नाही. तिथे दोरी ताणून चार मीटरच्या रेषेवर दर ५ सेंमीला उंची घेतली, ८१ नोंदी. स्टाफचा सपाट तळ भेगेवर आडवा बसतो आणि भेग दिसतच नाही, म्हणून टोकदार गज वापरला. नोंदींतून आधी उताराची रेषा वजा करायची आणि मग प्रमाण विचलन काढायचं, तोच कातळाचा खडबडीतपणा. ही पायरी चुकली तर चार मीटरमागे ६ सेंमीचा उतारच ‘खडबडीतपणा’ म्हणून मोजला जातो. अर्थात रांजणखळगे आणि पायऱ्या चार मीटरच्या रेषेत धड सापडत नाहीत. कुकडी नदीचं निघोजजवळचं, रांजणखळग्यांनी भरलेलं पात्र पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

मग वेग. तरंगणारा लाकडी ठोकळा ५८ सेकंदांत पार झाला. पृष्ठवेगावरून सरासरी वेग काढायचा नेहमीचा गुणक ०.८५ लावला तर ‘एन’ ०.०६ येतो. पण ठोकळा मुख्य धार पकडून जातो, आणि धोंड्यांच्या आडोशाला साचलेल्या पाण्याला तो शिवतही नाही.

म्हणून मीठ. दोन किलो मीठ बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवून दीडशे मीटर वरून एकदम ओतलं, कारण मिसळायला रुंदीच्या पंचवीसेक पट अंतर हवं. न विरघळलेले खडे दगडांत अडकून सावकाश झिरपतात आणि मिठाच्या वेळेनुसार काढलेल्या आलेखाला लांब शेपूट लावतात. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना वाहकतामापक (पाण्यातलं मीठ वाढलं की ज्याचा आकडा वाढतो), दोन्हींची घड्याळं जुळवलेली. दोन शिखरांतला वेळ घेतला तर वेग जास्त येतो. आलेखांच्या गुरुत्वमध्यांतला घ्यायचा. तो बरोबर १०० सेकंद निघाला. वेग ०.६० मीटर प्रतिसेकंद, ‘एन’ ०.०९१.

स्ट्रिकलर खोटे नाहीत. त्यांचं सूत्र पाणी दगडांच्या बरंच वर असेल तेव्हाचं आहे. इथे पाणी तीस सेंमी आणि डी-८४ अडतीस. पाणी मोठ्या दगडांवरून जातच नव्हतं, त्यांच्यामधून वाट काढत होतं. प्रत्येक धोंड्यामागे भोवरा, प्रत्येक पायरीखाली उसळी. ऊर्जा तिथे खर्च होते. खोली धरणारं लिमेरिनोस यांचं १९७०चं सूत्र ०.०९७ देतं. इतक्या उथळ पाण्यात ते ताणलेलंच आहे, तरी मोजणीच्या जवळ येतं.

लगेच सूचना आली, मग पुरालाही ०.०९ लावा. तेही चूक. पुरात त्रिज्या २.२ मीटर झाली की तेच सूत्र ०.०४८ देतं. पण ०.०३५पेक्षा ते पुष्कळ जास्त आहे: रुंद पात्रात खोली ‘एन’च्या ०.६ घाताने वाढते, म्हणजे तेवढ्याच विसर्गाला पाणी सुमारे वीस टक्के चढतं. तक्त्यावर विसंबून १.८ मीटर धरलं असतं, तिथे २.२.

फाइलीत ०.०४८ गेला, पण सोबत त्रिज्या लिहूनच. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना कातळात पाइप ठोकले: तळाशी भोकं, आत लाकडी पट्टी आणि मूठभर बुचाचा भुसा. पूर चढतो तसा भुसा तरंगत वर जातो आणि सर्वोच्च पातळीला पट्टीला चिकटून राहतो. एका पाइपाने नुसती पातळी कळते, पुराचा उतार काढायला दोन लागतात.