जॉर्जियाचा आक्षेप मला पटतो

रशियाच्या शेजारच्या जॉर्जिया देशाबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आपल्यातून फुटलेल्या भागांना बाहेरच्यांनी देश म्हणून मान्यता देऊ नये, हा त्यांचा आक्षेप. 26 ऑगस्ट 2008 ला, रशिया-जॉर्जिया युद्ध थांबून जेमतेम दोन आठवडे होतायत तोवर रशियाने जॉर्जियातून फुटलेले अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे स्वतंत्र देश आहेत असं जाहीर करून टाकलं, आणि हाच रशिया त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्बियातून फुटलेल्या कोसोवोला मान्यता देऊ नका म्हणून सर्बियाच्या बाजूने ओरडत होता! जॉर्जियाने मग रशियाशी राजनैतिक संबंधच तोडले. 2018 मध्ये सीरियाने मान्यता दिली तेव्हा त्यांच्याशीही तोडले. उगाच इगो म्हणून नाही हो. 1992-93 च्या युद्धात अबखाझियातून दोन लाखांच्या वर जॉर्जियन लोकांना घरदार सोडून पळावं लागलं, ती माणसं हिशोबातच न धरता बाहेरच्या कुणी तिथे नवा देश मान्य करायचा म्हणजे त्यांची परतीची वाटच बंद करणं झालं ना.

अबखाझ लोकांच्याही जुन्या जखमा आहेत, ते मी नाकारत नाही. पण दक्षिण ओसेतियाच्या हद्दीवरच्या खुरवालेती गावात काटेरी तारेचं कुंपण घातलं तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाचं घर पलीकडे गेलं, आणि त्याला औषधं, किराणा तारेतून हात घालून द्यावा लागायचा, हे वाचून खरंच पोटात कालवलं.

तुवालू आणि वानुआतू या प्रशांत महासागरातल्या छोट्या देशांनी दिलेली मान्यता नंतर मागे घेतली. जॉर्जियाने तेवढं मिळवलं, आणि अजून चिकाटी सोडलेली नाही.